भाकरी बंद केल्यावर: कमी कर्बोदकांचा आहार घेणाऱ्या एका मधुमेही शिक्षिकेचे प्रकरण

सोलापुरातील एका माध्यमिक शाळेत शिकवणाऱ्या ५२ वर्षांच्या शिक्षिका जानेवारीत आहारसल्ल्यासाठी आल्या, तेव्हा त्यांची तक्रार वजनाची नव्हती आणि वाढलेल्या साखरेचीही नव्हती. "साखर तर उतरली, पण अंगात त्राण उरलं नाही. आता पुन्हा भाकरी सुरू करू की नको, एवढंच सांगा," असे त्या म्हणाल्या. या एका प्रश्नाचे उत्तर शोधताना त्यांची औषधे, त्यांचे स्वयंपाकघर आणि कमी कर्बोदकांच्या आहाराविषयी आज उपलब्ध असलेले ज्ञान या तिन्ही गोष्टी एकत्र तपासाव्या लागल्या. म्हणूनच हे प्रकरण सविस्तर मांडण्यासारखे आहे. बाईंची ओळख पटू नये म्हणून काही वैयक्तिक तपशील बदलले आहेत.

पार्श्वभूमी

बाईंना पाच वर्षांपासून टाइप-२ मधुमेह आणि त्याआधीपासून रक्तदाबाचा त्रास होता. उंची १५४ सेंटिमीटर आणि वजन ७४ किलो. नोव्हेंबरात केलेल्या तपासणीत तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारे एचबीएवनसी ८.४ टक्के आले होते, तर ट्रायग्लिसराइड हा रक्तातला मेद २१० आणि 'वाईट' समजले जाणारे एलडीएल कोलेस्टेरॉल ११८ होते. मूत्रपिंडाच्या तपासण्या निर्दोष होत्या. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड यांची एकत्र गोळी त्या सकाळ-संध्याकाळ घेत असत, आणि रक्तदाबासाठी टेल्मिसार्टनसोबत क्लोरथॅलिडोन हे लघवीवाटे मीठ व पाणी बाहेर टाकणारे औषध सुरू होते. पुढे जे घडले त्याचे मूळ या दोन गोळ्यांत आहे.

त्यांचा पूर्वीचा आहार सोलापूरकडच्या कोणत्याही मध्यमवर्गीय घरात आढळेल असाच होता. सकाळी साखरेचा चहा आणि बिस्किटे, शाळेच्या मधल्या सुट्टीत डब्यातले पोहे, दुपारी घरी आल्यावर ज्वारीच्या तीन भाकरी, भाजी, पातळ आमटी आणि थोडा भात, संध्याकाळी पुन्हा चहा व फरसाण, रात्री दोन भाकरी आणि आमटी-भात. गोड फारसे नाही, बाहेरचे खाणे जवळजवळ नाही, त्यामुळे "मी तर साधंच खाते, तरी साखर का वाढते?" हा त्यांचा प्रश्न अगदी प्रामाणिक होता.

भाकरी किती मोठी असते हे तोंडी विचारून कळत नाही, म्हणून त्यांना घरी भाकरीचा उंडा वजनकाट्यावर ठेवून पाहायला सांगितले. उंडा सुमारे १०० ग्रॅमचा भरला, म्हणजे त्यात पीठ साधारण ५५ ग्रॅम. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात जवळपास ६८ ग्रॅम कर्बोदके असतात, म्हणजे एका भाकरीतून ३७ ग्रॅम आणि पाच भाकरींतून १८५ ग्रॅम. त्यात भात, पोहे, साखर आणि बिस्किटे मिळवली की दिवसाची बेरीज ३५० ग्रॅमच्या आसपास जात होती आणि एकूण ऊर्जेतला दोन तृतीयांश वाटा एकट्या कर्बोदकांचा होता. प्रथिने जेमतेम ५० ग्रॅम होती आणि त्यांतलीही निम्मी भाकरीतूनच येत होती, कारण आमटी म्हणजे सहा माणसांसाठी एक वाटी डाळ, बाकी पाणी आणि फोडणी.

हे चित्र एका घरापुरते नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि चेन्नईचे मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशन यांच्या 'इंडिॲब' या देशव्यापी पाहणीचे आहारविषयक निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार भारतीय प्रौढांच्या ऊर्जेतला सुमारे ६२ टक्के भाग कर्बोदकांतून येतो. त्या निष्कर्षांतली एक गोष्ट आपल्याकडच्या वाचकांनी विशेष ध्यानात घ्यावी अशी आहे. पांढऱ्या तांदळाऐवजी किंवा मैद्याऐवजी गव्हाचे अथवा भरडधान्याचे पीठ खाल्ले, पण कर्बोदकांचे एकूण प्रमाण तेवढेच ठेवले, तर मधुमेहाचा धोका कमी झालेला दिसला नाही. कर्बोदकांचा थोडा वाटा डाळी-कडधान्ये, दूध-दही, अंडी, मासे यांच्या प्रथिनांकडे वळवला, तेव्हा मात्र तो कमी दिसला. ज्वारी चांगली आहे यात वाद नाही, पण ती चांगली आहे म्हणून कितीही चालते, हा समज बाईंच्या घरात होता आणि तो अनेक घरांत असतो.

तीन आठवड्यांत काय घडले

डिसेंबरात एका लग्नघरी नात्यातल्या कोणीतरी भाकरी, पोळी, भात, डाळ, फळे आणि दूध पूर्ण बंद करून तीन महिन्यांत बारा किलो वजन उतरवल्याचे सांगितले आणि बाईंनी दुसऱ्याच दिवशी तोच आहार सुरू केला. सकाळी दोन अंडी आणि लोणी, दुपारी तुपात परतलेले पनीर, संध्याकाळी चीजचे तुकडे, रात्री चिकन किंवा पुन्हा अंडी, तेही भाजीविना. असे त्यांचे रोजचे खाणे झाले. कर्बोदकांचे प्रमाण ३५० ग्रॅमवरून अंदाजे ४० ग्रॅमवर आले. हे सारे डॉक्टरांना न विचारता झाले आणि गोळ्या मात्र पूर्वीच्याच मात्रेत सुरू राहिल्या.

पहिल्या आठ दिवसांत वजन ७४ वरून ७१.२ किलोवर आले. घरात सर्वांना आनंद झाला. येथे एक शरीरशास्त्रीय बाब स्पष्ट केली पाहिजे. यकृत आणि स्नायू यांत ग्लुकोजचा साठा ग्लायकोजेनच्या रूपाने असतो आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरलेले असते. कर्बोदके तोडताच हा साठा वापरला जातो आणि ते पाणी निघून जाते. त्यामुळे पहिल्या आठवड्यातली घट बहुतांशी पाण्याची असते, चरबीची घट त्यानंतर आणि पुष्कळच संथपणे होते. हे आधी कोणी सांगितले नाही, तर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात काटा थबकला की माणूस निराश होऊन आणखी कडक उपाय करतो. बाईंनीही तेच केले आणि रात्रीचे जेवण सोडले.

तिसऱ्या आठवड्यातल्या एका सकाळी त्यांनी नेहमीप्रमाणे गोळी घेतली, एक अंडे खाल्ले आणि शाळा गाठली. अकराच्या सुमारास वर्गात फळ्यावर लिहिता लिहिता त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले आणि समोरची अक्षरे पुसट दिसू लागली. मुलींनी शिक्षक-खोलीत नेले. तेथे एका सहशिक्षकाकडे ग्लुकोमीटर होता आणि साखर ५२ भरली. ७० च्या खाली साखर गेली की ती कमी समजली जाते आणि ५४ च्या खाली गेली की ती गंभीर घट धरली जाते. सहशिक्षकांनी प्रसंगावधान राखून तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजली, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी केली आणि आकडा ८८ वर आल्यावर डब्यातली पोळी खायला लावली. साखर उतरल्यावर नेमके हेच करायचे असते. बाई शुद्धीवर होत्या म्हणून हे शक्य झाले. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात काहीही घालू नये, त्याला थेट रुग्णालयात न्यावे.

ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन स्रवायला भाग पाडते आणि ते करताना त्या माणसाने जेवण केले आहे की नाही, याची वाट पाहत नाही. ही मात्रा ज्या डॉक्टरांनी ठरवली होती त्यांनी ती पाच भाकरी खाणाऱ्या शरीरासाठी ठरवली होती. भाकरी गेली, गोळी राहिली आणि साखर खाली कोसळली. मेटफॉर्मिनचे काम वेगळ्या मार्गाने चालते आणि एकट्याने घेतल्यास त्यापासून असा धोका सहसा नसतो. रक्तदाबाच्या बाबतीतही हीच कथा समांतर चालली होती. कर्बोदके कमी होऊन इन्सुलिनची पातळी उतरली की मूत्रपिंडे अधिक मीठ आणि पाणी बाहेर टाकतात; त्यातच क्लोरथॅलिडोन हेच काम करत होते. परिणामी उठताना भोवळ येणे, रात्री पोटऱ्यांत गोळे येणे आणि दिवसभर गळून गेल्यासारखे वाटणे हे सारे एकाच कारणाने होत होते. त्या दिवशी डॉक्टरांनी मोजलेला रक्तदाब १०२/६४ होता.

डॉक्टरांनी ग्लिमेपिराइड थांबवून फक्त मेटफॉर्मिन ठेवले, क्लोरथॅलिडोन काढून एकट्या टेल्मिसार्टनवर आणले आणि आहाराची घडी नीट बसवण्यासाठी बाईंना माझ्याकडे पाठवले. आठवडाभरात भोवळ थांबली.

याच ठिकाणी एक गंभीर इशारा नोंदवणे मला आवश्यक वाटते. हल्ली अनेक मधुमेहींना डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन या गटातली औषधे दिली जातात. ती घेत असताना कर्बोदके अगदी कमी केली किंवा उपाशी राहिले, तर रक्तात कीटोन, म्हणजे चरबी जळताना तयार होणारी आम्ले, साचून किटोॲसिडोसिस (रक्त धोकादायक प्रमाणात आम्लधर्मी होणे) होऊ शकतो आणि तोही साखरेचा आकडा फारसा वाढलेला नसताना. ग्लुकोमीटर १६० दाखवत असतो, घरचे निर्धास्त असतात आणि रुग्णाला मात्र उलट्या, पोटदुखी व धाप लागलेली असते. बाई या औषधावर नव्हत्या. ज्या कोणी आहेत त्यांनी असा आहार आपल्या मनाने सुरू करू नये. इन्सुलिन घेणारे, गरोदर स्त्रिया आणि मूत्रपिंडाचा विकार असलेले यांनाही हेच लागू होते.

आहाराने काय साधले होते

एवढे सांगितल्यावर वाचकाला वाटेल की हा आहारच वाईट. मला तसे म्हणायचे नाही आणि बाईंचे अहवालही तसे म्हणत नव्हते. उपाशीपोटीची साखर १६८ वरून ११४ वर आली होती आणि ट्रायग्लिसराइड २१० वरून १४० वर उतरले होते. कर्बोदके कमी केल्याने साखर उतरते याला भक्कम आधार आहे. 'बीएमजे' या वैद्यकीय नियतकालिकाने २०२१ मध्ये २३ चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. त्यात सहा महिन्यांनंतर एचबीएवनसी ६.५ टक्क्यांच्या खाली आलेल्यांचे प्रमाण कमी कर्बोदकांच्या गटात ५७ टक्के होते, तर इतर आहार घेणाऱ्यांत ३१ टक्के. मात्र बाराव्या महिन्यापर्यंत हा फरक बराचसा विरघळला होता. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या चाचणीत मधुमेह नसलेल्या, पण वजन जास्त असलेल्या ६०९ जणांपैकी निम्म्यांना कमी मेदाचा आणि निम्म्यांना कमी कर्बोदकांचा, पण दोन्हीकडे निकोप अन्नाचा आहार दिला गेला होता, आणि वर्षअखेर दोन्ही गटांतली वजनाची घट पाच-सहा किलोंची, म्हणजे जवळजवळ सारखीच होती. माझ्या मते या दोन्हींतून एकच गोष्ट पुढे येते. ज्या आहारावर माणूस वर्षानुवर्षे टिकतो तो त्याच्या कामाचा, आणि तो टिकणे हे त्याच्या घराशी, चवीशी व खिशाशी जुळण्यावर अवलंबून असते.

बाईंच्या बाबतीत तो जुळत नव्हता, याची चिन्हे अहवालातही होती. एलडीएल ११८ वरून १५२ वर गेले होते, कारण भाकरीची जागा लोणी, तूप, चीज आणि पनीर यांतल्या संपृक्त मेदाने घेतली होती. तंतुमय पदार्थ जवळजवळ नाहीसे झाल्याने बद्धकोष्ठता जडली होती. स्वयंपाकघरातली अडचण तर त्याहून मोठी होती. घरात सासूबाईंसह सहा माणसे. त्या सर्वांसाठी तव्यावर वीस भाकरी थापायच्या आणि स्वतःच्या ताटात मात्र पनीर घ्यायचे, हे बाईंना मनाने जड जात होते. सासूबाई ताटाकडे पाहून काही बोलत नसत, पण जेवत नसत असेही दोनदा झाले. गुरुवारी आणि चतुर्थीला अंडे चालत नाही, श्रावणात तर महिनाभर नाही. पनीरचा रोजचा खर्च वेगळाच.

ताटाची फेरमांडणी

म्हणून "भाकरी सुरू करू की नको" याचे उत्तर असे दिले की भाकरी सुरू करायची, पण तिचे ताटातले स्थान बदलायचे. उंडा १०० ग्रॅमऐवजी ७० ग्रॅमचा, म्हणजे पीठ ४० ग्रॅम आणि कर्बोदके २७ ग्रॅम. दुपारी अशा दोन भाकरी आणि रात्री एक. भात रोज नाही, आठवड्यातून एक-दोनदा आणि तोही भाकरीच्या बदल्यात. दुपारी मटकी, हुलगे, चवळी किंवा हरभऱ्याची घट्ट उसळ वाटीभर, म्हणजे माणशी कोरडे कडधान्य सुमारे ४० ग्रॅम. मटकीच्या १०० ग्रॅममध्ये २० ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात, त्यामुळे एका वाटीतून ८ ग्रॅम मिळतात. सोबत वाटीभर दही, शेंगदाण्याचे कूट घातलेली काकडी किंवा मुळ्याची कोशिंबीर आणि मेथी, शेपू, चाकवत यांसारखी पालेभाजी, तीही चमचाभर नव्हे, भाकरीइतकीच जागा व्यापेल एवढी. न्याहारीला दोन अंडी किंवा मुगाच्या डाळीची धिरडी. चार वाजता बिस्किटांऐवजी मूठभर फुटाणे आणि एक पेरू. रात्री पिठले किंवा घट्ट वरण, मांसाहाराच्या दिवशी चिकन किंवा मासे. तूप दिवसाला एक चमचा ठेवले, लोणी आणि चीज बंद केले.

या मांडणीत कर्बोदके दिवसाला १४० ते १८० ग्रॅम आणि प्रथिने ६० ते ७५ ग्रॅम होतात. एकूण ऊर्जा १५०० किलोकॅलरी धरली तर कर्बोदकांचा वाटा ३७ ते ४८ टक्के येतो. 'इंडिॲब'च्या २०२२ मधील विश्लेषणाने नव्याने मधुमेह झालेल्यांसाठी ४९ ते ५४ टक्के कर्बोदके आणि १९ ते २० टक्के प्रथिने सुचवली होती. ती शिफारस पाहणीच्या आकड्यांवर गणिती प्रारूप बसवून काढलेली आहे, प्रत्यक्ष चाचणीतून आलेली नाही. तरीही आपल्या अन्नात काय शक्य आहे याचा अंदाज त्यातून येतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये जाहीर केलेली मार्गदर्शक तत्त्वेही तृणधान्यांमधून येणारी ऊर्जा ४५ टक्क्यांच्या आत ठेवायला सांगतात आणि दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या सुचवतात. बाईंचे ताट या सर्वांपेक्षा थोडे कमी कर्बोदकांचे ठेवले, कारण त्यांचे वजन कमी व्हायला हवे होते आणि ग्लिमेपिराइड बंद झाल्याने तेवढी सूट सुरक्षित होती.

बाईंना पटले ते माझ्या गणितामुळे नाही, त्यांच्याच ग्लुकोमीटरमुळे. एका रविवारी त्यांनी जुन्या पद्धतीने तीन मोठ्या भाकरी, आमटी आणि भात खाऊन दोन तासांनी साखर मोजली, ती २२६ भरली. पुढच्या रविवारी आधी कोशिंबीर व उसळ, मग दोन लहान भाकरी आणि दही, या क्रमाने जेवून त्याच वेळी मोजली, ती १५४ भरली. भाज्या आणि प्रथिने आधी खाल्ल्यास जेवणानंतरची साखर कमी चढते हे अभ्यासांतही दिसलेले आहे, पण स्वतःच्या बोटातून काढलेल्या थेंबाचे मोल रुग्णासाठी वेगळेच असते.

जानेवारीत हुरड्याचा मोसम असतो आणि सोलापूरकर माणसाला हुरडा खाऊ नका असे सांगणे म्हणजे आहारतज्ज्ञाने आपला शब्द स्वतःहून वाया घालवणे. शेतावर गेलात तर मूठ-दोन मुठी हुरडा शेंगांच्या चटणीसोबत खा, गूळ टाळा आणि त्या वेळची भाकरी सोडा, एवढेच सांगितले. एकादशी-चतुर्थीचा प्रश्न अधिक अवघड होता. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, प्रथिने त्यात नावापुरतीच; त्यामुळे उपवासाच्या दिवशीच बाईंची साखर सर्वांत जास्त चढत असे. त्याऐवजी राजगिऱ्याची एक भाकरी, दह्यातली काकडी, भाजलेले शेंगदाणे आणि ताक असा बेत ठरला. सासूबाईंनी राजगिरा मान्य केला आणि नंतर तो स्वतःच्या उपवासालाही घेऊ लागल्या. घरातली आमटीही याच काळात घट्ट झाली. एका माणसासाठी वेगळा स्वयंपाक करण्यापेक्षा सहा जणांचे ताट थोडे बदलणे सोपे ठरले.

पुढील नोंदी

एप्रिलमध्ये एचबीएवनसी ७.०, वजन ६९.४ किलो आणि एलडीएल १२२ होते. साखर ७० च्या खाली पुन्हा एकदाही गेली नाही. बद्धकोष्ठतेची तक्रार फेब्रुवारीतच संपली होती. डोळ्यांचा पडदा तपासून घेतला, तो ठीक होता. ऑक्टोबरात, म्हणजे गणपती आणि नवरात्र पार पडल्यावर, वजन ७० किलोंवर स्थिर होते आणि एचबीएवनसी ६.७ झाले होते, तेही फक्त मेटफॉर्मिनवर.

नात्यातल्या लोकांनी याला मधुमेह बरा झाला असे म्हणायला सुरुवात केली, तेव्हा बाईंना आकड्यांचा अर्थ समजावून सांगावा लागला. साखर कमी करणारे कोणतेही औषध न घेता किमान तीन महिने एचबीएवनसी ६.५ टक्क्यांच्या खाली राहिले, तरच मधुमेह माघारी गेला असे म्हणतात. ही व्याख्या २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने निश्चित केली आहे. बाई तेथे अजून पोहोचलेल्या नाहीत. पाच वर्षांचा मधुमेह लक्षात घेता पोहोचतीलच असे आश्वासन देणे योग्य नाही, परंतु दोन औषधे कमी होऊन सध्याची पातळी टिकणे हाही मोठा लाभ आहे.

डिसेंबरपासून त्यांच्या दिनक्रमात चालण्याच्या जोडीला आठवड्यातून तीन दिवस स्नायूंच्या ताकदीचे व्यायाम घालायचे ठरले आहे, कारण पन्नाशीनंतर वजन उतरताना स्नायूही घटतात आणि जेवणानंतरच्या साखरेचा मोठा वाटा स्नायूच शोषून घेतात. मेटफॉर्मिनची मात्रा कमी करायची का, याचा निर्णय पुढच्या तपासणीनंतर त्यांचे डॉक्टर घेतील, आणि तोपर्यंत ताटात कोणताही मोठा बदल करायचा असेल तर तो आधी डॉक्टरांना कळवायचा, हे बाईंनी तपासणीच्या वहीच्या पहिल्या पानावर स्वतःच्या हाताने लिहून ठेवले आहे.